कामाच्या ठिकाणी कोण कोणाला शिकवतं?

(नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुण-तरुणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून तुम्ही बायोडाटा कसा लिहायचा, मुलाखतीला काय बोलायचं, हे ऐकत आहात. ते गरजेचंच आहे. मला मात्र त्याच्या पुढच्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. नोकरी मिळाली, गळ्यात कार्ड आलं, बसायला खुर्ची मिळाली. आता काम कोण शिकवणार? तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटेल की कंपनी शिकवते, ट्रेनिंग असतं, मॅन्युअल असतं. मलाही तसंच वाटलं होतं.

डिप्लोमा झाल्यावर मी एका कारखान्यात क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून लागले. सीएनसी लेथवर शाफ्ट तयार व्हायचे आणि मी मायक्रोमीटरने त्यांची मापं घेऊन तक्त्यात भरायची. पहिल्याच महिन्यात माझी फजिती सुरू झाली. सकाळी मी पास केलेले पीस दुपारी स्टँडर्ड रूममध्ये नापास व्हायचे. माप कमी यायचं. मी ड्रॉइंग परत वाचलं, मायक्रोमीटर तपासून घेतला, कार्यपद्धतीचा कागद पाठ केला. सगळं बरोबर होतं आणि तरी चुकत होतं. सुपरवायझरला विचारायची भीती वाटायची. ट्रेनीला एवढं साधं मापही घेता येत नाही, असं त्यांना वाटलं तर?

तीन आठवडे मी हे कोणाला सांगितलं नाही. डबाही माझ्याच टेबलावर एकटीने खायची. कोणी मला हाकललं नव्हतं. मीच गेले नव्हते.

एक दिवस शिफ्ट बदलताना एक जुने ऑपरेटर काका माझ्या टेबलापाशी थांबले. मी मशीनवरून नुकताच आलेला पीस मोजत होते. ते म्हणाले, "मॅडम, पीसला हात लावून बघा." मी हात लावला. पीस गरम होता. "थंड होऊ द्या, मग मोजा," एवढं बोलून ते निघून गेले.

पोलाद तापलं की फुगतं, हे मी शाळेत शिकले होते. मोजमापासाठी प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरतात, हे डिप्लोमाच्या परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट २० अंशांनी जास्त गरम असेल, तर तो साधारण एक शतांश मिलिमीटरने फुगतो. आमच्या कामात तेवढा फरक पास आणि नापास यांच्यामध्ये उभा असायचा. म्हणजे माहिती माझ्या डोक्यात होती, पुस्तकात होती. ती या मशीनपाशी, या टेबलावर कशी लागू होते, हे मात्र काकांच्या डोक्यात होतं. आमच्या दोघांमध्ये फक्त दहा पावलांचं अंतर होतं आणि ते पार व्हायला तीन आठवडे लागले.

आजचा माझा विषय तो दहा पावलांचा आहे. कामाच्या ठिकाणी एकमेकांना शिकवणाऱ्या माणसांचं एक जाळं असतं. ते कुठल्याही तक्त्यावर काढलेलं नसतं. ते कसं विणलं जातं, त्यात आत कसं जायचं आणि आपण बाहेर का राहतो, हे मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगते.

सुरुवात घरापासून करते. माझ्या अब्बांचं गॅरेज होतं. तिथे बारा-तेरा वर्षांची मुलं यायची. ते वय शाळेचं होतं, गॅरेजचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. ती मुलं शिकायची कशी, एवढंच मला सांगायचं आहे. पहिल्या दिवशी कोणी त्यांना इंजिन समजावून सांगत नसे. डिझेलमध्ये पार्ट धुवायचे, बारा-तेराचा पाना आणून द्यायचा, बॅटरी धरून उभं राहायचं. पण हे सगळं उस्तादाच्या हाताशेजारी चालायचं. पाना देणारा मुलगा पाना कुठे लागतो ते बघायचा. दोन-तीन वर्षांत नुसत्या आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे ते तो सांगायला लागायचा. त्याला हे कोणी शिकवलं, असं विचारलं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

जीन लेव्ह नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी १९७० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात जाऊन शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. हे व्हाय आणि गोला जमातींचे शिंपी होते. त्यांना एक गंमत दिसली. कपडा शिवताना आधी कापतात, मग शिवतात, मग बटणं लावून इस्त्री करतात. उमेदवार मात्र उलटं शिकत होते. आधी बटणं आणि काजं, मग शिलाई आणि सगळ्यात शेवटी कापणी. कारण उघड आहे. बटण चुकीचं लागलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर ते वाया जातं. आणि बटणं लावता लावता मुलाच्या हातात रोज तयार कपडा येतो, तो कसा जोडला आहे हे त्याला कळत जातं. लेव्ह यांनी पुढे एटिएन वेंगर यांच्याबरोबर १९९१ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातलं म्हणणं साधं आहे. माणूस काम शिकतो तो काम करणाऱ्यांच्या मंडळीत सामील होऊन. आधी कडेला बसतो, छोटी पण खरी कामं करतो आणि हळूहळू मध्यभागी सरकतो.

त्याच पुस्तकात एक उलटं उदाहरणही आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये मटण कापण्याचं काम शिकायला उमेदवार ठेवत. काही दुकानांत त्यांना गुंडाळणीच्या मशीनवर बसवलं जाई. मांस पॅक करा, किमतीची चिठ्ठी लावा. ते मशीन अशा जागी असे की कसलेले कारागीर मांस कसं कापतात, हे तिथून दिसतच नसे. उमेदवार रोज कामावर येत, मेहनत करत आणि गुंडाळणीत तरबेज होत. कापणी तेवढी शिकत नसत.

ही दोन चित्रं मनात ठेवा. एक मुलगा उस्तादाच्या शेजारी पाना धरून उभा आहे. दुसरा भिंतीपलीकडे चिठ्ठ्या लावतो आहे. दोघंही कष्टाळू आहेत. फरक जागेचा आहे. तुम्ही नोकरीला लागाल तेव्हा पगार जरूर बघा. पण काही महिन्यांनी स्वतःला हेही विचारा: जिथे मी बसते, तिथून मला चांगलं काम करणारी माणसं काम करताना दिसतात का?

ऑफिसमध्येही हे तितकंच खरं आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे थॉमस ॲलन यांनी संशोधन करणाऱ्या इंजिनिअरांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९७७ मध्ये आलं. दोन माणसांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की कामाबद्दल बोलणं किती झपाट्याने कमी होतं, हे त्यांनी मोजून दाखवलं. पन्नासेक मीटरच्या पलीकडे आठवड्यातून एकदाही बोलणं होण्याची शक्यता फारच थोडी उरते. तुम्ही म्हणाल, आता मोबाइल आहे, व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आहे ना! पण ग्रुपवर आपण प्रश्न कोणाला विचारतो? ज्याच्याबरोबर कधीतरी चहा प्यायलो आहोत त्याला. अनोळखी दोनशे माणसांच्या ग्रुपवर "मला हे समजलं नाही" असं लिहायला छाती लागते.

आता विचारण्याबद्दल. विचारायला आपण का घाबरतो? पीटर ब्लाऊ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात याचं फार छान उत्तर दिलं आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं एक खातं होतं. कंपन्या कायदा पाळतात की नाही हे तपासणं, हे त्याचं काम. तिथे एका विभागात सोळा अधिकारी होते. नियम असा की अडचण आली तर साहेबांना विचारायचं, आपापसात विचारायचं नाही. प्रत्यक्षात अधिकारी सर्रास एकमेकांना विचारत. साहेबांना वारंवार विचारलं तर आपल्याला काम येत नाही असा त्यांचा ग्रह होणार आणि वर्षाचा शेरा तर तेच लिहिणार!

ब्लाऊ म्हणतात, इथे एक देवघेव चालते. विचारणारा सल्ला घेतो आणि बदल्यात समोरच्याला मान देतो. "तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं," हे तो न बोलता कबूल करतो. सल्ला देणारा स्वतःचा वेळ देतो आणि मान मिळवतो. पण हाताशी काम असताना दहावा माणूस विचारायला आला की त्या मानाची गोडी कमी होते. विचारणाऱ्यालाही एकाच माणसापुढे रोज वाकायला नको वाटतं. म्हणून मधल्या दर्जाचे अधिकारी आपसात जोड्या जमवत. आज मी तुला विचारतो, उद्या तू मला विचार. अवघड प्रश्न असला तरच सगळ्यात जाणत्याकडे जायचं. आणि तो जाणता अधिकारी अडला की काय करायचा? तो प्रश्न विचारत नसे. "अरे, आज एक मजेशीर केस आली आहे," असं म्हणून ती मोठ्याने सांगत बसायचा. सांगता सांगता त्याचं त्यालाच सुचायचं, नाहीतर ऐकणारा मध्येच बोलायचा. मान न गमावता मदत मिळायची.

हे वाचलं तेव्हा मला माझे ते तीन आठवडे आठवले. मी समजत होते की विचारणं म्हणजे हात पसरणं. तसं ते नसतं. तुम्ही कोणाला नीट विचारता तेव्हा त्या माणसाला काहीतरी देत असता.

तिसरी गोष्ट झेरॉक्सच्या मेकॅनिकांची. ज्युलियन ऑर यांनी फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांबरोबर फिरून एक पुस्तक लिहिलं. ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. कंपनीने या मेकॅनिकांना जाडजूड मॅन्युअल दिलं होतं. मशीनने अमुक कोड दाखवला तर तमुक तपासा, मग हे बदला. पण मशीन कोड एक दाखवायचं आणि बिघाड दुसराच असायचा. कुठलं मशीन किती जुनं आहे, कसं वापरलं जातं, यावर सगळं अवलंबून असायचं.

एकदा असंच एक मशीन काही केल्या ऐकेना. मेकॅनिकने आपल्याहून जाणकार तज्ज्ञाला बोलावलं. दोघं मशीनपुढे बसून एकमेकांना जुन्या बिघाडांच्या गोष्टी सांगत राहिले. मागे एकदा असं झालं होतं, तेव्हा तसं निघालं होतं. एक चाचणी, एक गोष्ट, पुन्हा एक चाचणी. बराच वेळ गेला आणि शेवटी कारण सापडलं. मग ती नवी गोष्ट इतर मेकॅनिकांच्या गप्पांत पोचली. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, ही माणसं नाश्त्याला बसून टाइमपास करताहेत. ऑर यांनी दाखवलं की त्या गप्पा हेच त्यांचं मॅन्युअल होतं आणि छापलेल्या मॅन्युअलपेक्षा ते ताजं होतं.

पुढे कंपनीच्या संशोधकांनी या गप्पांवरून 'युरेका' नावाची व्यवस्था उभी केली. सुरुवात फ्रान्समध्ये झाली. मेकॅनिकने आपली युक्ती लिहून पाठवायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती तपासायची आणि मग ती सगळ्यांना मिळायची. प्रश्न आला की युक्ती देणाऱ्याला काय द्यायचं. पैसे द्यावेत असाही विचार झाला. मेकॅनिकांना पैशांपेक्षा दुसरंच हवं होतं. युक्तीखाली आपलं नाव यावं.

नावाचं महत्त्व मला आधीच कळायला हवं होतं. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. काकांनी गरम पीसचं सांगितल्यावर मी हुशारी केली. तपासणीच्या तक्त्यात एक ओळ घातली: मशीनवरून आलेला पीस अमुक मिनिटं थंड होऊ द्यावा, मगच मोजावा. रिजेक्शन कमी झालं. मीटिंगमध्ये साहेबांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं, टाळ्या वाजल्या. मी "थँक यू सर" म्हणून बसले. काकांचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

काका काही बोलले नाहीत. फक्त पुढचे पंधरा दिवस ते माझ्या टेबलापाशी थांबले नाहीत. दुसऱ्या ऑपरेटरांनीही "मॅडम, तुम्हाला तर सगळं येतं" असं हसून टाळायला सुरुवात केली. शेवटी मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं की ही सूचना काकांची आहे, तक्त्यावर त्यांचं नाव लिहा. साहेबांनी ते लिहिलं. मी काकांकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "बेटा, नावाचं एवढं काही नाही. पण आमच्याकडून घेतलेलं आमच्या नावावर राहत नाही, हे तीस वर्षं बघतोय. म्हणून माणूस तोंड मिटून घेतो."

माणसं ज्ञान का लपवतात, याचं मला मिळालेलं सगळ्यात खरं उत्तर तेच आहे. सगळे स्वार्थी असतात म्हणून नाही. दिलेलं परत येत नाही, असा अनुभव असतो म्हणून. कंत्राटी कामगाराला वाटतं, मला येतं ते सगळ्यांना आलं तर उद्या माझी गरज काय? ही भीती खोटी म्हणता येत नाही. म्हणून घेणाऱ्याची जबाबदारी मोठी असते.

आता आपल्याबद्दल बोलते. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. २००१ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत मुस्लिमांचं प्रमाण १३.४ टक्के होतं आणि समितीला आयएएस अधिकाऱ्यांमध्ये ते ३ टक्के आढळलं. आकडे जुने आहेत, पण आपल्या घरात बघा. तुमच्यापैकी किती जणांचे वडील, मामा, चुलते एखाद्या बँकेत, मंत्रालयात, मोठ्या कंपनीत होते? हात थोडेच वर येतील. ज्याचे काका बँकेत असतात, त्याला बँकेतल्या पहिल्या दिवसाबद्दल निम्मं घरीच कळलेलं असतं. कोणाला विचारायचं, कुठे गप्प बसायचं, प्रमोशनची परीक्षा कधी द्यायची. आपल्याला ते ऑफिसातच मिळवावं लागतं. आणि ऑफिसात ते मिळतं चहावर, डब्यावर, शिफ्ट बदलताना.

तिथे दोन दारं आहेत. एक बाहेरून बंद असतं. डब्यात काय आहे असं विचारून कोणी सरकून बसतं, एखादा विनोद आपल्यावरच होतो, चहाला जाताना आपल्याला हाक येत नाही. हे घडतं आणि त्याचा दोष स्वतःवर घेऊ नका. अपमान होत असेल तर लेखी तक्रार करा, तो तुमचा हक्क आहे. दुसरं दार आपण आतून लावलेलं असतं. "ते आपल्याला बोलावणार नाहीत" असं गृहीत धरून आपण टेबलावरून उठतच नाही. माझं हेच झालं होतं. तीन आठवडे मी ज्या दारावर नाराज होते, त्याची कडी माझ्याच बाजूला होती.

एक मित्र सांगत होता, शुक्रवारी तो जुम्म्याला जातो आणि नेमकं त्याच वेळी जेवता जेवता सगळे पुढच्या आठवड्याचं काम ठरवतात. सोमवारी याला काहीच माहीत नसतं. त्याने एक साधा उपाय केला. परत आल्यावर शेजारच्याला विचारायचं, "आज जेवताना काय ठरलं?" दोन महिन्यांनी शेजारचा स्वतःच कागदावर लिहून ठेवायला लागला.

मुलींना टपरीवर थांबणं अवघड जातं, हे मला माहीत आहे. मीही थांबत नव्हते. पण शिफ्ट बदलतानाची पंधरा मिनिटं मी कधी सोडली नाहीत. जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला सांगतो, "आज तीन नंबर मशीन कुरकुर करतंय." कारखान्याची अर्धी विद्या त्या पंधरा मिनिटांत असते. प्रत्येक ठिकाणी अशी एखादी वेळ असते. तुमची कुठली, ते शोधा.

आणखी एक सवय आपल्याला तपासावी लागेल. आपल्या ओळखी घट्ट असतात, पण एकाच वर्तुळात फिरतात. तोच मोहल्ला, तेच नातेवाईक, तेच मित्र. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ मधला एक गाजलेला लेख आहे. बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात त्यांनी नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की ही नोकरी कोणाकडून कळली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांनाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा अगदी क्वचित भेटणाऱ्यांकडून. नेहमी भेटणाऱ्याला जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी गोष्ट दुसऱ्या वर्तुळातून येते. म्हणून ऑफिसात आपलेच चार जण एका कोपऱ्यात डबा खातात तेव्हा मला आनंद होतो आणि काळजीही वाटते. आठवड्यातून दोन दिवस तरी दुसऱ्या टेबलावर बसा.

शेवटी काही साध्या गोष्टी सांगते.

पहिल्या दोन महिन्यांत भरपूर विचारा. नव्याला सगळे माफ करतात. वर्षाने तोच प्रश्न विचारायला लाज वाटते. विचारण्याआधी स्वतः प्रयत्न करा आणि काय करून बघितलं ते सांगा. "हे कसं करायचं?" यापेक्षा "मी असं केलं, इथे अडलं," हे ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

सल्ला घेतलात की पुढे काय झालं ते जाऊन सांगा. "काका, तुम्ही म्हणालात तसं केलं, जमलं." किंवा "नाही जमलं." यात अर्धा मिनिट जातो आणि पुढच्या वेळी दार उघडं राहतं.

एक वही ठेवा. जे शिकाल ते लिहा आणि कोणाकडून शिकलात त्याचं नाव लिहा. मीटिंगमध्ये ते नाव घ्या. कंपनीची गुपितं बाहेर नेऊ नका, पण कामाची युक्ती आतल्या आत अडवूही नका.

तुमच्याकडेही देण्यासारखं काहीतरी असतं. एक्सेल येत असेल, मोबाइलवर फॉर्म भरता येत असेल, उर्दू-हिंदी-मराठी तिन्ही येत असतील, तर ते द्या. काकांच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी भरला होता. देवघेव तशीच सुरू होते.

आणि जागा मिळाली की बाजूला सरका. तुमच्यानंतर येणारा कोणीतरी भिंतीपलीकडे बसलेला असेल. तो आपल्या समाजाचा असेल किंवा नसेल. खेड्यातून आलेला असेल, कंत्राटी असेल, इंग्रजीला घाबरणारा असेल. ज्याला दाराबाहेर उभं राहण्याचा अनुभव आहे, त्याला बाहेर कोण उभं आहे हे लवकर दिसायला हवं.

काका निवृत्त झाले. मागच्या महिन्यात आमच्याकडे एक नवी मुलगी आली. तिसऱ्या दिवशी मी बघितलं, ती एकच पीस पुन्हा पुन्हा मोजत होती आणि कपाळाला आठ्या पडल्या होत्या. कोणालाच विचारत नव्हती. मी तिच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, "हात लावून बघ." मग तिला काकांचं नाव सांगितलं. म्हटलं, हे माझं नाही, त्यांचं आहे, तूही पुढे सांगताना त्यांचं नाव सांग. जेवणाच्या सुट्टीत तिला आमच्या टेबलावर घेऊन आले.

तुम्ही सोमवारी कामावर जाल तेव्हा एका माणसाला एक प्रश्न विचारा. आणि तुमच्या ऑफिसात एकटं बसून डबा खाणारं कोणी असेल, तर त्याला हाक मारा. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं.